पहिली फेरी घरच्यांची

इगतपुरीच्या वर, साइटवरून
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. इथे पाऊस असा काही लागलाय की मोबाइलला रेंज म्हणून नाही. म्हणून चक्क पत्र लिहितेय. आमच्या कंपनीचा टेम्पो मंगळवारी आणि शनिवारी नाशिकला जाऊन येतो. ड्रायव्हर केरू तुझ्या घराजवळच, द्वारका चौकापलीकडे राहतो. तो पत्र आणून देईल, उत्तरही त्याच्याकडेच दे.

पाळण्याची बातमी शौनकनं तुला सांगितलीच असेल. मीच त्याला म्हटलं होतं, आत्याला तू सांग बाबा, माझी हिंमत होत नाही, ती हसेल. इतके दिवस घरात कुणाला काही बोलले नाही. पण आता लपवण्यासारखं राहिलेलं नाही, हायवेवरून जाणाऱ्यांनासुद्धा दिसायला लागलंय!

दसऱ्याला पाळणा हलणार हे नक्की झालं. आमचे मालक कारभारी शेठ रोज येऊन विचारतात, "मॅडम, टायमावर हाय ना?" माझं पहिलंच असल्यामुळे मला झोप नाही. त्यात शेठची एक जुनी रीत आहे. पाळणा हलायच्या दिवशी घरचं वडीलधारं माणूस पाहिजेच. शौनक नवरा असून त्याला नुसत्या कल्पनेनं चक्कर येते. सासूबाईंना मी अजून काहीच सांगितलेलं नाही, त्यामुळे त्यांना बोलवायची सोय नाही. आई-बाबा गेल्यापासून माझं वडीलधारं म्हणजे तूच. येशील ना? माझं सगळं यावरच अडलंय.

तुझी,
मृण्मयी


द्वारका, नाशिक
शुक्रवार, १२ सप्टेंबर

चि. मृण्मयी,

अनेक आशीर्वाद. अगं कार्टे! तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा उभ्यानं, एकदा खुर्चीत बसून आणि एकदा देवापुढे. शौनकनं मला काडीचंही सांगितलेलं नाही. परवा पंधरा मिनिटं फोनवर बोलला तो फक्त गॅसच्या रेग्युलेटरबद्दल.

दसरा म्हणजे तीन आठवडे राहिले! आणि या दिवसांत तू इगतपुरीच्या चिखलात रेल्वेचे रूळ टाकत बसली आहेस? गणपतीत आलीस तेव्हा तो तंबूसारखा ड्रेस घातला होतास आणि तिसऱ्या मोदकाला नको म्हणालीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. चौतीस वर्षं गणित शिकवलं, कॉपी कुणी कुठे लपवली आहे ते मी दारातून ओळखत असे. आणि पोटची म्हणावी अशी भाची, तिचं पोट मला दिसलं नाही. म्हातारी झाले, दुसरं काय.

तारीख आधीच कशी ठरली म्हणून शेजारच्या वत्सलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हल्ली मुहूर्त बघूनच सिझेरियन करतात. मला पसंत नाही, पण असो. मालकानं रोज येऊन विचारणं मात्र अतिच झालं. त्याला काय करायच्यात चांभारचौकशा? तरी वडीलधाऱ्या माणसाचा आग्रह धरतो, म्हणजे जुन्या वळणाचा असावा. आणि शौनकला कशाला चक्कर येते? त्यानं काय करायचंय त्यात?

मी येणार. जिवात जीव असला तर येणारच.

पितृपक्षात शुभ बातमी बोलू नये म्हणतात, म्हणून मी फक्त तिघींना सांगितलं. वत्सलाबाई, पोळ्यांच्या सगुणाबाई आणि तुझ्या सासूबाई. रोहिणीताई आधी रडल्या, मग म्हणाल्या, शौनकचा पाळणा माळ्यावर आहे तो आत्ताच खाली काढते. डब्यात डिंकाचे लाडू आहेत. केरूला बजावलंय की तुला टेम्पोतून आणायची वेळ आली तर खड्डे चुकव. तो "हो बाई" म्हणाला, पण बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता.

तुझी आत्या


शनिवार, १३ सप्टेंबर

आत्या,

अगं काय केलंस हे! केरू खाली थांबलाय, घाईत लिहितेय.

मला बाळ होणार नाहीये! पाळणा म्हणजे रोलर कोस्टर. इथे कशालाही पाळणाच म्हणतात. कारभारी शेठचे वडील जत्रेत लाकडी पाळणा हातानं फिरवायचे, त्यावरून आज अंबडला एवढा कारखाना झाला. आता इथल्या नव्या पार्कात छत्तीस मीटर उंचीचं लोखंडी धूड उभं केलं तरी शेठच्या तोंडी पाळणाच. आम्हालाही तीच सवय लागली. हायवेवरून दिसतं ते हे धूड, मी नव्हे!

रेल्वेत मी कधीच नव्हते. पंपाची कंपनी सोडली तेव्हा सासूबाईंना म्हटलं, इगतपुरीला रुळांचं काम आहे. त्यांनी परस्पर रेल्वे समजून घेतली, आणि मी खुलासा केला नाही. इंजिनिअर सून जत्रेतला पाळणा बनवते हे त्या चारचौघांत सांगणार कशा?

आणि रीत अशी की पहिली फेरी पाळणा उभारणाऱ्याच्या घरच्यांची. शेठचे वडील आधी स्वतःच्या बायकोला पाळण्यात बसवायचे आणि मगच गिऱ्हाईक घ्यायचे. "आपलं माणूस बसवताना ज्याचा हात कापतो, त्यानं लोकाचं बसवू नाय," असं शेठ म्हणतात. म्हणजे दसऱ्याला तुला बसायचंय, आत्या. नुसतं हजर राहून भागणार नाही.

आधी सासूबाईंना फोन कर. पाया पडते. लाडू छान आहेत.

मृण्मयी


सोमवार, १५ सप्टेंबर

चि. मृण्मयी,

आधी निस्तरलं किती ते सांगते. वत्सलाबाईंना खरं सांगितलं, तर त्या डोळा घालून म्हणाल्या, "दृष्ट लागू नये म्हणून नाही म्हणताय ना? बरोबर आहे तुमचं." जितकं नाकारलं तितकी त्यांची खात्री वाढली. सगुणाबाईंनी दोन दुपटी शिवून आणली आहेत, ती मी घेतली. रोहिणीताईंनी पाळणा खाली काढून, पुसून, दोऱ्या बदलून ठेवला होता. मी म्हटलं, बाळ नाही हो, रोलर कोस्टर आहे. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे रेल्वेत नाही?"

आता तुझ्या मागणीबद्दल. मी बसणार नाही.

का ते ऐक. आमच्या शाळेची सहल एकदा मुंबईकडच्या अशाच एका पार्कात गेली होती. चौऱ्याऐंशी पोरं आणि मी. तेव्हापासून या विषयावर माझी मतं ठाम आहेत आणि ती कुणालाही आवडत नाहीत. सव्वा तास रांगेत उभं राहायचं आणि दीड मिनिट ओरडायचं, हा व्यवहार कुठल्या गणितात बसतो? वर जाताना कटकट, खाली येताना बोंबाबोंब. पुढचा ओरडतो म्हणून मागचा ओरडतो. भीतीच वाटून घ्यायची असेल तर संध्याकाळी सहा वाजता द्वारकेला चालत रस्ता ओलांडावा, तिथे तिकीट लागत नाही.

लाटांचा तलाव म्हणजे चारशे जणांत एक बादली. भुताच्या घरात अंधारातून एक भूत हात वर करून आलं, मला ओळखलं आणि वाकून पाया पडलं. नववी ब मधला होता, भूमितीत दोनदा नापास. त्या खाली पडतानाच्या फोटोबद्दल तर बोलूच नये. आपलंच वेडंवाकडं तोंड आपणच विकत घ्यायचं! सगळ्या पार्कात मला आवडलेली एकच गोष्ट, बाहेर पडायच्या दाराशी झाडाखाली एक बाकडं होतं. तिथे मी दीड तास बसले, फार मजा आली.

आणि खरा राग त्यानंतरचा. जो तो येऊन विचारतो, "मजा आली ना?" त्या "ना" मध्ये नाही म्हणायला जागाच ठेवलेली नसते. "एकदा बसून तर बघा" हे वाक्य मला जन्मात दोनच बाबतींत ऐकावं लागलं. एक रोलर कोस्टर आणि दुसरं लग्न. दोन्हींत बसले नाही आणि माझं काही अडलं नाही.

डबा परत पाठव.

आत्या


शनिवार, २० सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी साइटवरच्या कंटेनर-ऑफिसात एकटी इतकी हसले की बाहेरून वॉचमन डोकावला. पण नाही म्हणू नकोस गं.

ऐक. माझ्या जोडीला इथे अमोल म्हणून इंजिनिअर आहे. त्याची आई, बायको आणि सासू, तिघी बसायला तयार. आई तर म्हणते मी दोनदा बसते! माझ्या घरचं कुणी बसलं नाही, तर शेठ पाळणा अमोलच्या ताब्यात देणार. तसं त्यांनी तोंडावर सांगितलंय. "तुमच्या घरच्यांचाच इस्वास नाय, मॅडम, तर लोकांचा कसा बसंल?" मार्चपासून मी या रुळाचा एकेक जोड उभं राहून बसवून घेतलाय. वाळूची पोती भरून तीनशे फेऱ्या झाल्यात. दिवाळीच्या पाडव्याला पार्क उघडेल तेव्हा या पाळण्याचा ताबा माझ्याकडे असावा, एवढंच मला हवंय.

मी स्वतः बसले असते, पण मला त्या वेळी बटणांपाशी थांबावं लागतं. नाहीतर तुला त्रास दिला नसता.

सासूबाई शौनकला म्हणाल्या म्हणे, "पाळणा खाली काढलाच आहे, तर राहू दे खालीच." आता तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे. शौनक त्यात इस्त्रीचे कपडे ठेवतो. आम्ही दोघांनी अजून काही ठरवलेलं नाही, आत्या, आणि त्या पाळण्यासमोर बसून ठरवताही येत नाही. "मजा येते गं, एकदा..." असं मुलांबद्दल सासूबाईही म्हणतातच.

उत्तर लवकर दे.

मृण्मयी


घटस्थापना, २२ सप्टेंबर

चि. मृण्मयी,

केरूला चहाला बसवलं आणि विचारलं, बटणांपाशी कोण असतं रे? तो म्हणाला, "अमोलदादा. मॅडम तर पाळणा सुटला का तोंड फिरवून हुभ्या राहतात." तीनशे फेऱ्यांत पोती बसली, तू एकदाही बसली नाहीस. आत्याला खोटं लिहिताना अक्षर तिरपं होतं तुझं, लहानपणापासून. ते वाक्य मी लाल शाईनं अधोरेखित करून ठेवलंय.

तुला भीती वाटते हे मला कळतं. भीती वाटण्यात काही गैर नाही. पण स्वतः बसायचं नाही आणि सत्तरीच्या आत्याला बसवायचं, ही कुठली रीत? तुझ्या शेठला चालेल, मला चालणार नाही.

तरी मी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, तुमचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा बरं आहे. तेव्हा मी बसेन. अट एकच. तू माझ्या शेजारी बसशील. घरचं माणूस म्हणजे आधी तू.

आणि मी ओरडणार नाही. तशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

आत्या


शनिवार, २७ सप्टेंबर

आत्या,

चार दिवस विचार केला. बसते.

केरू दसऱ्याला सकाळी सातला येईल. उपाशी ये. नऊवारी नको, पंजाबी ड्रेस घाल.

मृ.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

चि. मृण्मयी,

काल जे झालं ते लिहूनच सांगते, समोर बोलले तर आवाज चढेल.

समारंभ चांगला झाला. रुळांना झेंडूची माळ, यंत्राची पूजा, शेठच्या पत्नी कुसाबाईंनी मला स्वतःच्या हातानं कुंकू लावलं. माणसं साधी आणि भली आहेत. पाटीवर "सुरक्षीत" लिहिलं होतं, त्यातली दीर्घ वेलांटी मी खडूनं ऱ्हस्व केली. कुणी रागावलं नाही.

मग बसलो. तू माझा हात असा धरलास की अजून बांगडीचा वण आहे. पहिल्या उतारालाच तू डोळे मिटून "आत्याsss" म्हणून जी सुरू झालीस ती थांबेपर्यंत. पुढे अमोलची आई "माझे आई गं" करत होती आणि मागे शेठ "हर हर महादेव". मी तोंड मिटून बसले होते. मला भीती वाटली नाही आणि मजाही आली नाही. माझं मत होतं तेच आहे.

उतरल्यावर शेठनं एकेकाला विचारलं, कसं वाटलं? सगळे म्हणाले, लय भारी. मग अभिप्रायाची वही पुढे आली. मी लिहिलं, "तिसऱ्या वळणावर माझी कवळी डावीकडे सरकली. पहिल्या दोन वळणांवर सरकली नाही. तपासावे." शेठनं ते मोठ्यानं वाचलं आणि अख्खा मांडव हसला. हसू दे. चौतीस वर्षं चाळीस-चाळीस पोरं मला हसत आली आहेत.

पण तू लाल झालीस आणि म्हणालीस, "आत्या, प्लीज." ते मला लागलं. मला तू तिथे अभिप्राय द्यायला आणलं होतंस की नुसतं पोत्यासारखं बसायला?

आत्या


मंगळवार, ७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

चुकलं माझं. "प्लीज" म्हणायला नको होतं.

पण माझी अडचण समजून घे. त्याच दिवशी शेठनं पाळणा माझ्या ताब्यात दिला. सगळे पेढे वाटत होते आणि वहीत पहिलाच शेरा कवळीचा! आता साइटवर त्या वळणाला सगळे "कवळी वळण" म्हणतात. मी यंत्राचे आकडे पुन्हा काढले. तिसऱ्या वळणाला धक्का थोडा जास्त आहे, पण मर्यादेच्या आत आहे. बाकी अकरा जण बसले, कुणालाच काही जाणवलं नाही. मलाही नाही. अर्थात मी ओरडत होते.

शेठ म्हणतात, वहीचं पान पाहुण्यांना दाखवायचंय, तेवढा शेरा बदलून मागा. दोन ओळी लिहून पाठव ना, "एकंदरीत छान" एवढंच. पाडवा दोन आठवड्यांवर आलाय.

मृण्मयी


शुक्रवार, १० ऑक्टोबर

चि. मृण्मयी,

एकंदरीत छान हा शेरा मी प्रगतिपुस्तकात कधी दिला नाही, तुमच्या वहीतही देणार नाही.

अकरा जणांना जाणवलं नाही म्हणतेस. अकरा जण बोंबलत होते. बोंबलणाऱ्याला काय जाणवणार? तूच लिहितेस, धक्का थोडा जास्त आहे. मग जास्त का आहे, हा प्रश्न तुला पडला नाही? मर्यादेच्या आत आहे म्हणून बरोबरची खूण केलीस. उत्तर बरोबर आलं तरी रीत तपासायची, हे मी तुला तिसरीत शिकवलं होतं.

मला वाद घालायचा नाही. एक कर. पुन्हा बस, एकटी. डोळे उघडे ठेव, दातांवर दात ठेव आणि तोंड मिट. भीती वाटेल, तर वाटू दे. मग मला कळव. तुला काही जाणवलं नाही, तर माझी कवळी खोटी, मी स्वतः येऊन शेरा खोडते.

आत्या


मंगळवार, १४ ऑक्टोबर

आत्या,

चार वेळा बसले. पहिल्यांदा ओरडलेच. दुसऱ्यांदा ओढणी तोंडात धरली. तिसऱ्यांदा तोंड मिटून बसले आणि तिसऱ्या वळणावर दातांवर दात आपटले. चौथ्यांदाही तिथेच.

मग लेव्हलचं यंत्र लावून खांबांची उंची मोजली. नऊ नंबरचा खांब चार मिलिमीटर खचलाय. या पावसानं पायाखालची माती धुतलीय. आज चारच मिलिमीटर आहे म्हणून आकडा मर्यादेत बसतो. पाडव्याला माणसांनी भरून दिवसाला शंभर फेऱ्या झाल्या की किती होईल ते मला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्यावर मी सही करणार नाही.

शेठला सांगितलं. ते भडकले. "पाडव्याच्या जाहिराती लागल्या, आन् एका म्हातारीच्या कवळीपायी मी कुलूप लावू?" असं म्हणाले. मी म्हटलं, कवळी बरोबर आहे, शेठ, आपण चुकलोय. त्यांनी सहीचे कागद माझ्या हातातून काढून अमोलकडे दिले. अमोलनं अजून सही केलेली नाही. भला आहे तो, पण त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यानं केली तर पाळणा पाडव्याला सुरू होईल, आणि मला तोंड फिरवून उभं राहणंही जमणार नाही. मी सामान बांधलंय. शनिवारच्या टेम्पोनं येते.

काल पाच मिनिटं रेंज आली, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर लिहिलं, "पाळणा लांबणीवर. दिवाळीत नाही, पुढचं ठाऊक नाही." सासूबाईंचं उत्तर आलं, "काही हरकत नाही गं. आम्ही नाही विचारणार. तुमचं तुम्ही ठरवा, जिवाला त्रास करून घेऊ नका." दोन वर्षांत पहिल्यांदाच असं म्हणाल्या. हॉलमधला पाळणासुद्धा त्यांनी आत नेला, असं शौनक सांगतो. मी खुलासा केलेला नाही.

भीती अजून वाटते. मजा आली नाही. तुझ्या मतात आता मीही आहे.

मृण्मयी


वसुबारस, १७ ऑक्टोबर
साइटवरून

कुसुमबाई मास्तरीण यांना कारभारीचा रामराम.

मी चौथीपोत्तर शिकलेला. चुकलंमाकलं त्याला लाल शाई लावा, पण कागद शेवटपोत्तर वाचा. केरूला खास ह्याच कामासाठी धाडलाय.

तुमच्या भाचीनं सहीला नाय म्हणलं तवा मला लय राग आला. मी तिला बोलू नये ते बोललो. अमोलच्या म्होरं कागद ठेवला, तर त्यो खाली मान घालून दोन दिवस नुसता पेन हालवीत बसला. मग मी म्हणलं, सोडा पाळणा, मीच बसतो. कोणाला संगं घेतलं नाय. तोंड मिटून बसलो, तुम्ही सांगितलं तसं.

आता खरं सांगतो, बाई. मला बसायची गरज नव्हती. दसऱ्याला मी तुमच्या मागच्या डब्यात व्हतो. तिसऱ्या वळणाला माझी बी सरकली व्हती. माझे वरचे समदे दात नकली हायेत, कुसाबाईबिगर कोणाला ठाव नाय. धक्का बसला तवाच मला कळलं काय ते. पन तुम्ही वहीत लिवलं आन् माझ्या अंगावर काटा आला, का आता आपलं बी उघडं पडतंय. म्हनून समद्यात मोठ्यानं मीच हसलो. मालक हसला म्हनून मांडव हसला. पाडवा बी डोक्यात व्हताच, खोटं कशाला बोलू.

माझा बाप पयल्या फेरीला माझ्या आईला बसवायचा. ती उतरली का चाकाला हात लावून हुबा राहायचा आन् तिला इचारायचा, कसं वाटलं गं? ती म्हणली का करकरतं, तर खिळा ठोकल्याबिगर गिऱ्हाईक घ्यायचा नाय. मग भले जत्रा उठो. मी आजवर समजत व्हतो का रीत बसवायची हाय. रीत तर इचारायची व्हती. ते मी पार इसरलो.

नऊ नंबरचा खांब उकरायला घेतलाय. पाडव्याला पाळणा बंद, समद्यांना तसं कळवलंय. मॅडमचं सामान टेम्पोत चढवलं व्हतं, ते मी सोता उतरवलं आन् माफी बी मागितली. त्या रडल्या, मग खांबाकडं गेल्या, अजून तिथंच हायेत. काम त्यांच्याच ताब्यात. सही त्या म्हणतील तवा, आन् त्या म्हणल्या नाय तर कधीच नाय.

खांब झाला का पयली फेरी परत करायची. तुम्ही यायचं, बाई. आमच्याकडं बोंबलणारे रग्गड हायेत, तोंड मिटून बसणारं माणूस एक बी नाय. मजा आली का, ते मी इचारणार नाय. कसं वाटलं, तेवढंच इचारीन आन् तुम्ही सांगाल ते हुभ्यानं ऐकीन.

होय का नाय ते केरूजवळ सांगा. आन् दातांचं कोणाला बोलू नका, अमोलच्या आईला तर बिलकूल नाय.

आपला,
कारभारी